विहाराची पाटी अन् नव्या मोटरा

मी नागसेन. कुरखेड्यात माह्यं वेल्डिंगचं दुकान हाय, अन् दुकानाच्या मागं मी सोता बनवलेली मशीन हाय. कम्प्युटरात नक्षी टाकली का प्लाझ्माची टॉर्च पत्र्यावर फिरते अन् लोखंड लोन्यासारखं कापते. पन जुन्या मोटरा लय लेच्यापेच्या होत्या. जरा घाई केली का मधातच दम सोडत, अन् गोल कापाले सांगितलं तं अंड्यासारखं निघे. माह्या सासऱ्यानं, श्रीहरीमामाजीनं, माह्या दुकानाचं नावच "अंड्याची फॅक्टरी" पाडलं होतं. थेच विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष.

विहाराच्या गेटची पाटी मी कापतो म्हनलो, तं मामाजी म्हनाले, "जवाईबापू, एक डाव देतो. बिघडली तं पाटी नागपूरहून येईन, अन् तुमची मशीन भंगारात जाईन."

मी बी पेटलो. दमदार मोटरा आनल्या, त्याईले करंट देनारे नवे ड्रायव्हर आनले. जुन्या वायरीचे रंग पाहून नव्या जोडल्या. लालले लाल, हिरवीले हिरवी. याच्यात चुकाले काय हाय?

पह्यले भंगाराच्या तुकड्यावर तपासून घेतलं. काम विहाराचं, म्हनून तपासाले धम्मचक्रच कापलं. काय चक्र निघालं बाप्पा! गोल गरगरीत, आरे एकसारखे. मामाजीनं हात फिरवून पाह्यला अन् एकेक आरा मोजून घेतला. माह्यी छाती फुगली.

मंग खरा पत्रा चढवला. मधोमध शून्य धरलं, म्हंजे मशीनची मोजनी तिथून सुरू, अन् बटन दाबलं. मोटरा काय पळाल्या! सारी कमिटी पाहून राह्यली होती. टॉर्च बंद झाली, धूर हटला, अन् मामाजी पत्र्यावर वाकले.

"जवाईबापू, हे कोनत्या देशातलं मराठी हाय?"

अक्षर न् अक्षर उलटं. आरशात दिसते तसं. एका मोटरीत रंग थेच, पन आतली जोडनी उलटी होती, म्हनून थे मोटर उलटी फिरली. अन् चक्र? चक्र उलटं कापा का सुलटं, सारखंच दिसते ना! रागानं पाना आपटला तं माह्याच पायावर पडला. मामाजीनं नागपूरले फोन लावाले घेतला. मले रडूच आलं.

"उचला रे! टाका भंगारात!" मी वरडलो.

चौघांनी पत्रा उभा केला. पलीकडून माह्यी बायको सत्यशीला चहा घेऊन येत होती. थे थांबली.

"काऊन बोंबलून राह्यले जी? 'बुद्ध विहार' बरोबर तं लिवलं हाय."

सारे तिकडं धावले. आरपार कापलेली अक्षरं मागून एकदम सुलटी! मामाजीनं फोन खिशात टाकला, डोळे पुसले, "धूर लय हाय इथी," म्हनाले. मंग कमिटीकडं वळून बोलले, "माह्या जवायानं कापली."

पाटी त्याच दिवशी गेटवर चढली, अन् मी वायरी सरळ केल्या. पन मामाजी कोनाचं काम घेऊन आले का आधी बजावतात, "जवाईबापू, उलटंच कापा. सुलट्याची गॅरंटी नाई."