तीट लावलेला फोटो

मित्रांनो, मला हातात घेताना जरा जपून घ्या. निळ्या पुठ्ठ्याचा, कोपरे दुमडलेला मी नित्याचा पासपोर्ट. लहान मुलांच्या पासपोर्टाला मुदत पाचच वर्षांची, म्हणून आम्हाला म्हातारपण लवकर येतं.

माझा जन्म चेन्नईचा. तेव्हा नित्या तान्ही होती. फोटोसाठी तिला पांढऱ्या चादरीवर निजवलं. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, हसायचं नाही, असे कडक नियम! सगळं जमून आलं आणि ऐन वेळी महालक्ष्मीआजींनी तिच्या डाव्या गालावर काजळाची टपोरी तीट लावली.

"अगं आई, फोटोत डाग दिसेल!" नित्याचे बाबा, गिरिधर, ओरडले.

"दिसू दे की. परक्या मुलखातले किती डोळे पडणार पोरीवर! दृष्ट लागली तर तुझे नियम येणारेत का उतरवायला?"

मूळच्या तंजावरच्या या मराठी घरात तीट लावल्याशिवाय तान्हं मूल उंबऱ्याबाहेर जात नाही. तो फोटो तिटेसकट माझ्या पानावर छापला गेला.

पहिल्या सिंगापूरवारीत माझं काय कौतुक झालं! नित्या आईच्या मांडीवर बसून गेली. मग तिची आई सुष्मिता नोकरीसाठी तिकडेच राहिली आणि मी नित्याबरोबर परतून चेन्नईतल्या अड्यारच्या घरी कपाटात पडलो. बाहेर नित्याला दात आले, केस लांब झाले. माझ्यातलं बाळ मात्र तसंच राहिलं. हसणं नाही, पापणी लवणं नाही. कपाटाच्या अंधारात मला त्याचा श्वास ऐकू यायचा. खोटं कशाला सांगू, मला त्याची भीती वाटायची.

एकदा नित्यानं मला उघडलं आणि भिरकावून दिलं. "वेण्डाम आजी, नको मला! ते बाळ माझ्याकडे बघतंय."

"वेडाबाई, तूच ती," आजी हसल्या.

पुढे पुढे नित्या फोनवर आईशी बोलेनाशी झाली. सुष्मिता तिकडे रडायची, 'लेक मला विसरली' म्हणायची. शेवटी ठरलं, सुट्टीत आजी तिला घेऊन जाणार. गिरिधरना सिरुसेरीच्या ऑफिसातून रजा मिळेना. आता नित्याला स्वतःची सीट हवी, म्हणून वेगळं तिकीट काढलं. परतीचं तिकीट, जन्मदाखला, आईबाबांच्या सहीचं संमतिपत्र, सगळं पिशवीत घातलं. माझी मुदतही पाहून घेतली. फोटो मात्र कोणी पाहिला नाही.

विमानतळावर इमिग्रेशनच्या बाईंनी मला उघडलं आणि त्या थबकल्या.

"इंगे पारु कण्णा, इकडे बघ. हिच्या गालावरचा हा मोठा डाग कुठे गेला? चेहराही जुळत नाही."

"अहो, डाग नव्हे, तीट ती!" आजी पुढे वाकल्या. "हिची आई तिकडे वाट बघतेय हो."

"साहेबांना विचारावं लागेल. कदाचित आज जाता येणार नाही."

नित्या भोकाड पसरून रडू लागली. आजींना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी पर्समधून काजळाची डबी काढली आणि तिच्या डाव्या गालावर तशीच टपोरी तीट टेकवली.

नित्याचं रडणं कापल्यासारखं थांबलं. तिनं मान वर केली. हसणं नाही, पापणी लवणं नाही. बाईंनी मला तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं, मग पटकन खाली ठेवलं आणि काही न बोलता शिक्का मारला. त्यांचा हात गार पडला होता. माझं पान मात्र एकदम गरम झालं, ओलं झालं.

विमानात आजींनी मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, पुढे केला, पण मुलीनं तोंड उघडलं नाही. तिकडे सुष्मिता धावत आली, तिनं लेकीला छातीशी धरलं. पदरानं गालावरची तीट पुसली. पुन्हा पुसली.

"आई, हा तीळ कधीपासून?"

 आजी मुलीचा हात सोडून एक पाऊल मागे सरकल्या होत्या.

मित्रांनो, मुलं वाढतात. त्यांचे फोटो वेळेवर बदला, जुन्या चेहऱ्यांना फार काळ कोंडून ठेवू नका. मी आता सुष्मिताच्या चेन लावलेल्या पर्समध्ये आहे. माझ्या पानावरच्या बाळाचा गाल स्वच्छ आहे. ते दिवसभर रडतं, 'आजी, आजी' म्हणतं. घरातलं ते दुसरं मूल अजून हसलेलं नाही, आणि सुष्मिता म्हणते, होईल सवय.

कोणीतरी तिला सांगा हो, एकदा पर्स उघड म्हणावं!