वस्तीचा एकच फोटो

पेपरच्या डेस्कवर एक रीत पडून गेली होती. वस्तीची बातमी आली की संगणकातला 'वस्ती' नावाचा फोल्डर उघडायचा आणि पहिला फोटो उचलून पानावर टाकायचा. पाणीटंचाई असो, साथ असो की आग, फोटो तोच: नळाशेजारी उकिडवी बसलेली, कपाळाला हात लावलेली बाई. खाली बारीक अक्षरांत 'संग्रहित'. आठ वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान डेस्कवरच्या कुणाचं.

मंगळवारी उपसंपादकबाईंनी तोच फोटो वस्तीतल्या घरफोड्या करणाऱ्या टोळीच्या बातमीला लावला. पान छपाईला सोडायला सात मिनिटं उरली होती. गुरुवारी दुपारी फोटोतली बाई घडी घातलेला अंक घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"ही मीच ना?"

उपसंपादकबाईंनी अंकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. केस पिकले होते, एवढाच फरक.

"फोटो काढला त्या दिवशी लेक पास झाली होती, हसू मावेना. तुमचा फोटोवाला म्हणाला, मावशी, हसू नका. कपाळाला हात तरी लावा."

मावशी तीन घरची मुलं सांभाळायची. अंक निघाला आणि दोन घरं सुटली. तिसऱ्या घरी संध्याकाळी बोलावलं होतं. "नारळ द्यायलाच असणार," ती म्हणाली.

उपसंपादकबाई तिला संपादकांकडे घेऊन गेल्या. संपादकांनी मान वर केली नाही. "अहो, संग्रहित लिहिलंय ना खाली? उद्या आतल्या पानावर चार ओळी टाका."

उपसंपादकबाईंनी लिहून वाचून दाखवलं: छायाचित्रातील महिलेचा चोरीशी संबंध नाही.

"म्हणजे ज्यांनी पाहिलं नव्हतं, तेही शोधून बघतील," मावशी म्हणाली. "आगीतून फुफाट्यात की हो, ताई. त्यापेक्षा मला शिक्क्याचा कागद द्या, दारात दाखवायला."

शिक्का वकिलांना विचारल्याशिवाय मिळत नव्हता, आणि वकील सोमवारी येणार होते.

बावीस वर्षांच्या खुर्चीने धरलेली कंबर सावरत उपसंपादकबाई उठल्या. "चला, मीच येते."

"तुमच्या अंगावर कुठे शिक्का आहे?" मावशी म्हणाली, पण चालू लागली.

तिसऱ्या घराच्या मालकिणीने दार अर्धंच उघडलं. कोण, कशाला, ते ऐकून घेतलं. "पेपरातल्या तुम्ही? मग छापलात कशाला?"

वाटभर जुळवलेलं उत्तर उपसंपादकबाईंनी सोडून दिलं. "न बघता," त्या म्हणाल्या. "वस्तीची बातमी, म्हणून हाताला लागला तो लावला. ही कोण, कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा."

"मीही फोटोच पाहिला," मालकीण म्हणाली. "बातमी कोण वाचतंय सकाळच्या घाईत." मग मावशीकडे वळून, "उद्यापासून ये. मुलं तुझ्याशिवाय जेवत नाहीत. फक्त घराची चावी आता माझ्याकडे राहू दे. गैरसमज नको करून घेऊस."

मावशीने पिशवीतून चावी काढून दिली. दार लागलं.

दोघी दोन मजले उतरल्या. मग उपसंपादकबाई म्हणाल्या, "मावशी, मी..."

"असू द्या, ताई. काम तर टिकलं." मावशीने कठड्याला धरून दम घेतला. "आता शाळा सुटली की बाई कामावरून येईपर्यंत मुलांना घेऊन जिन्यात थांबायचं. सहा वाजतात त्यांना."