नकली ठरवलेली कॅसेट

शेख करीम घड्याळे दुरुस्त करीत, त्यांचे चिरंजीव अब्दुल गफ्फार रेडिओ, आणि गफ्फारांचे जमीलमियाँ टीव्ही. अकोल्याच्या ताजना पेठेतील त्याच दुकानात जमीलमियाँचा तनवीर जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी विकू लागला. तिघा वडीलधाऱ्यांनी कमाई बेताचीच केली. दिलेला शब्द मात्र कधी फिरवला नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात वरूडचे संत्रा बागाईतदार वामनराव आपल्या मुलाची एक जुनी कॅसेट घेऊन आले. मामाने मस्कतहून आणलेली, डबा-पुस्तिकेसह जपलेली. असा नग पुण्या-मुंबईचे शौकीन धुंडाळतात, हे जाणून तनवीरने तीस हजार कबूल केले. कॅसेट ठेवून घेतली. पैसे आठवड्याने द्यायचे ठरले. वामनरावांना बोअर खोल करायची होती. झाडे वाळू लागली होती.

चौथ्याच दिवशी बातमी आली. कंपनीने कॅसेटमधला तोच खेळ आपल्या नव्या गेम-यंत्रासाठी इंटरनेटवरून तीनशे रुपयांत देऊ केला होता. शौकिनांनी फोन उचलणे सोडले. भाव तीन हजारांवर आला. पैसे न्यायला आलेल्या वामनरावांना तनवीर म्हणाला, "काका, नकली निघाली."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "माफ कर, बाबू. मले काय समजते त्यातलं? तुले फसवाले नोतो आलो मी. फेकून दे ते."

तनवीरने ती फेकली नाही. दिवाळीत वरूडहून संत्र्यांची पेटी आली, झाल्या चुकीची भरपाई म्हणून. घरच्यांनी गोडी वाखाणली. तनवीरने एकही फोड तोंडात घातली नाही.

तीन वर्षांत वारे फिरले. नव्या यंत्रावर तो खेळ खेळलेल्या पोरांनाच आता अस्सल कॅसेट हवीशी झाली. पुण्याचा एक शौकीन दुकानात येऊन पन्नास हजार मोजून गेला. "सोळा आणे अस्सल!" जाताना तो म्हणाला. तनवीरची आई खुर्शीदबी शेजारीच बसली होती.

"वो वरूडवाले काका की थी ना?"

"जी, अम्मी."

"तो वो संतरे हमने किस मुँह से खाए रे? उठ. पैसा ले, और जा."

वरूडच्या बागेत पाण्याविना वाळलेल्या चाळीस झाडांचे नुसते खुंट उरले होते. वामनराव त्यातल्याच एकावर बसले होते. तनवीरने मान वर न करता सगळे सांगितले आणि पन्नास हजार पुढे ठेवले.

"म्हंजे तीन वर्षं मी सोताले चोर समजून राहिलो," वामनराव म्हणाले. "पोराच्या मामानं फसवलं म्हणून साळ्यासंग बोलणं टाकलं!"

वामनरावांनी तीस हजार मोजून घेतले आणि उरलेले परत सरकवले.

"हे काहून, काका? सगळे तुमचेच आहेत."

"आमच्याकडं फुलावर असतानीच बाग इकली का मंग गारपीट बी घेणाऱ्याची न् तेजी बी घेणाऱ्याचीच. तू गारपीट पाहून पळाला, बाप्पा. तीस म्हनलं होतं, तीस आले."

ते वीस हजार उचलायला तनवीरचा हात पुढे होईना. वामनरावांनीच ते त्याच्या खिशात कोंबले, आणि देणे पुरते फिटले.