नावांचा अध्याय

मनकर्णाबाई साळवे पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकल्या, आणि तेही नावांपासून.

त्याला कारण त्यांची सून निकिता. ती गावच्या अंगणवाडीत सेविका. चार वर्षांच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावता लावता तिला एक नजर आली होती. कोण वाचतंय आणि कोण नुसतं म्हणतंय, हे तिला लगेच कळायचं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचं, पुंजारामांचं, ठळक अक्षरातलं पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र एका दमात संपवलं.

"आत्या, तोंड पार शेवटाला पोचलं तुमचं," निकिता म्हणाली, "अन् बोट अजून पहिल्याच ओळीवर हाय."

"मंग?"

"मंग हे वाचणं न्हाई. पाठ हाय तुमाला."

खोटं नव्हतं. चर्चमध्ये पन्नास वर्षं ऐकून मनकर्णाबाईंना निम्मी स्तोत्रं तोंडपाठ होती. निकितानं मग शास्त्रातली अशी पानं शोधून काढली, की जी कुणालाच पाठ नसतात: वंशावळ्या, शिरगणत्या, अमक्याचा मुलगा तमका. तिथं तोंडाला पुढं पळायला वाट नव्हती. एकेका नावाशी बोट थांबायचं, अक्षराला अक्षर जोडायचं आणि मगच तोंड उघडायचं.

शेजारच्या छबूबाईला याची मोठी मौज वाटायची. छबूबाई आणि मनकर्णाबाई एकाच टोळीत ऊस तोडायच्या. वीस वर्षांचा शेजार, गावातही आणि फडातही. भिंतीपलीकडून ती ओरडायची, "मनकर्णे, मतदारयादी वाचती का काय गं? आमचं नाव हाय का बघ."

"तुजं न्हाई. तुला उडवलं."

"उडवू दे. तेवढंच उन्हात उभं ऱ्हायचं वाचलं."

नावाच्या बाबतीत दोघींचा अनुभव सारखाच होता. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं तोडतात, दोघं मोळ्या बांधतात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये दोघंही चढतात. मुकादमाच्या यादीत मात्र नाव नवऱ्याचं येतं. मनकर्णाबाईंचे सव्वीस हंगाम 'पुंजाराम साळवे, एक कोयता' या ओळीखाली गेले. चार वर्षांपूर्वी पुंजाराम वारले. मुलगा सुनील पाथर्डीत टेम्पो चालवायचा, त्याला ऊस नको होता. मनकर्णाबाई एकट्याच जाऊ लागल्या, तेव्हा मुकादमानं ओळीत जेवढ्यास तेवढा बदल केला: 'पुंजारामचा अर्धा'. गेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं आणि राबणारी बाई अर्धी झाली. याचं कुणाला काही वाटलं नाही. पहिली दोन वर्षं मनकर्णाबाईंनाही वाटलं नव्हतं.

शिकण्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्या जुन्या करारातल्या एका अध्यायापाशी आल्या. यरुशलेमचा कोट पडलेला असतो आणि लोक तो पुन्हा बांधायला घेतात, तो अध्याय. बत्तीस वचनं, चर्चच्या बोलीत ओव्या, आणि जवळजवळ सगळी नावंच. कुणी कुठला तुकडा बांधला, कुणाच्या शेजारी कुणी बांधला, कुणी आपल्या घरासमोरचाच बांधला. सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत. उकिरड्याकडच्या वेशीचं काम ज्यानं केलं, त्याचंही नाव आहे. एका गावच्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, तेही लिहून ठेवलं आहे. बाराव्या ओवीत शल्लूम नावाचा एक माणूस येतो. तो अर्ध्या शहराचा अधिकारी, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली.

मनकर्णाबाईंचं बोट तिथं थांबलं.

"निकिता, पोरी कोट बांधीत हुत्या?"

"लिव्हलंय की तसं."

"नावं न्हाईत त्यांची."

निकितानं वाकून पाहिलं. "न्हाईत."

मनकर्णाबाईंनी ती ओवी बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "काम लिव्हलंय पर. लिवणारानं उभं ऱ्हाऊन बघितलं असनार. त्याबिगर कसं लिव्हल?"

त्या दिवसापासून त्यांनी दुसरा अध्याय धरला नाही. रोज दुपारी तोच. आणि त्यांनी मनाशी एक ठरवलं.

गावच्या चर्चमध्ये वाचनाची पाळी असे. ख्रिस्ती घरं चोवीस. दर रविवारी एका घरानं एक अध्याय वाचायचा, क्रमानं. वर्षाच्या सुरुवातीला कल्याण गुरुजी तारीख, अध्याय आणि घर असा तक्ता करून दारामागं लावत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि चर्चचे पंच. पुंजाराम गेल्यापासून त्यांच्या घराची पाळी आठ वेळा आली. चार वेळा मनकर्णाबाई उसात होत्या. चार वेळा त्या बाकावरून म्हणाल्या होत्या, "पुढं घ्या."

नववी पाळी येत होती ऑक्टोबरातल्या रविवारी, आणि त्यानंतरच्या गुरुवारी टोळी निघणार होती. तक्त्यात त्या तारखेसमोर तोच कोटाचा अध्याय होता. हे कुणी जुळवून आणलं नव्हतं. ओळीनं मोजलं तर तसंच येत होतं. पण त्याच्यापुढं एक फुली होती. गावाची ती रीतच होती. नावांचा अध्याय आला, की फुली मारायची, त्या रविवारी गुरुजींनी एखादं स्तोत्र वाचायचं आणि त्या घराला सुटी द्यायची. सुटी मिळालेली घरं खूश असत.

शुक्रवारी गुरुजी स्वतः सांगायला आले.

"सलाम, मनकर्णाबाई. परवा तुमचं घर मोकळं बरं का."

"सलाम, गुरुजी. मोकळं नको. मी वाचणार हाय."

गुरुजींनी निकिताकडे पाहिलं. निकिता भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"वाचा की," गुरुजी सावरून म्हणाले. "मेंढपाळाचं स्तोत्र घ्या. सगळ्यांच्या आवडीचं आहे."

"ते पाठ हाय मला. मला वाचायचंय. कोटाचा अध्याय वाचते."

"अहो, त्यात नुसती नावं आहेत. जीभ वळत नाही. भल्याभल्यांची वळत नाही. लोक हसतात."

"हसू द्या. गुरुवारी मी चालले. पुढली पाळी मार्चात, तवा मी फडात. त्याच्या पुढल्या पाळीला हा अध्याय मागं पडलेला असंल."

"बाई, रीत आहे आपली..."

"गुरुजी," मनकर्णाबाई सावकाश म्हणाल्या, "शास्त्रातलं एकेक अक्षर देवाचं, हे तुमीच शिकवलं. मंग ह्या मानसांच्या नावावर फुली कुनी मारली?"

चहा अर्धा ठेवून गुरुजी उठले. दारातून मात्र म्हणाले, "रविवारी साडेनऊला या. उशीर नको."

रविवारी मनकर्णाबाई नऊलाच जाऊन बसल्या. गुरुजींनी नाव पुकारल्यावर शास्त्र घेऊन पुढं गेल्या, ते चौरंगावर ठेवलं आणि पहिल्या शब्दावर बोट टेकलं. मोळ्या आवळून आवळून ते बोट वाकडं झालेलं; ओळीवर ते तिरपंच चालायचं. पहिल्या पाच ओव्या ठीक गेल्या. सहाव्या ओवीत मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मनकर्णाबाई थांबल्या. त्यांनी मान वर केली नाही, बोट हलू दिलं नाही. तेच नाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून जोडलं, पुरं केलं आणि पुढं गेल्या. त्यानंतर कुणी हसलं नाही. बारावी ओवी त्यांनी इतर ओव्यांसारखीच वाचली, ना आवाज चढवून ना थांबून. निकिताला तेवढं कळलं, की तिथं बोट जरा दाबून टेकलं होतं. सगळ्या मिळून त्या चारदा अडखळल्या आणि चारही वेळा आपल्या आपण सुटल्या. बत्तीस ओव्यांना सतरा मिनिटं लागली. शेवटी "आमेन" आलं ते रोजच्याहून मोठं होतं.

उपासना सुटल्यावर गुरुजी दारामागच्या तक्त्यापाशी उभे होते.

"ही फुली माझ्या हातची," ते म्हणाले. "नवा मास्तर होऊन आलो होतो. असाच एक अध्याय वाचताना तीन नावांत अडकलो आणि अख्खं चर्च हसलं. पुढच्या वर्षी तक्ता माझ्याकडं आला."

"मंग आता खोडा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अडकलं म्हनून कुनी मरत न्हाई. मी चारदा अडकले."

"मोजले मी," गुरुजी हसून म्हणाले. "मी तर पाचव्या ओवीतच बसलो असतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फुलीच्या जागी लिहिलं, 'मनकर्णाबाई साळवे यांनी वाचला.'

गुरुवारी सकाळी वेशीबाहेर ट्रक लागला. मुकादम कानिफनाथ यादी घेऊन फाळक्याशी उभा राहिला आणि एकेक कोयता वर चढवू लागला.

"पुंजारामचा अर्धा."

कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. छबूबाईनं कोपरानं ढोसलं, "अगं, तुलाच."

मनकर्णाबाई पुढं झाल्या. "पुंजाराम वारले, कानिफा. चार वर्षं झाली. मनकर्णा पुंजाराम साळवे लिव्ह."

"मावशी, त्यानं काय हुतंय? मी वळखतो की तुमाला."

"वळखतोस ना? मंग लिव्ह."

मागं टोळी खोळंबली होती. कानिफनाथनं पेन काढून लिहिलं.

"दाखव."

त्यानं कागद पुढं केला. मनकर्णाबाईंनी बोट ठेवून तीन शब्द वाचले. तोंड आणि बोट बरोबर चाललं होतं.

"अर्धं खोडता येत न्हाई मला," तो जरा ओशाळून म्हणाला. "तशीच रीत हाय तिकडली."

"ऱ्हाऊ दे. अर्धी मोळी मी कवा बांधली न्हाई, ते तू बघितलंय." त्यांनी शास्त्राची पिशवी वर दिली आणि फाळक्याला हात घातला.

कानिफनाथ पुढचं नाव पुकारणार, तोच छबूबाई आपल्या नवऱ्याला, बन्सीला, बाजूला सारून यादीपाशी आली.

"बन्सीच्या खाली माजं बी घाल. छबूबाई."

"हे आता काय नवीन?" बन्सी म्हणाला.

"गप बस. तू काय एकटा तोडतो?"

कानिफनाथनं सुस्कारा टाकून लिहिलं. छबूबाईनं त्याच्या हातातून कागद घेतला, दोन्ही बाजूंनी उलटसुलट पाहिला आणि वर ट्रकमध्ये मनकर्णाबाईंकडे दिला.

"बघ गं," ती म्हणाली. "लिव्हलंय का खरंच?"

मनकर्णाबाईंनी बोट टेकलं.