रिकाम्या इमारतीतला आकडा

जाहिरातीच्या फलकावरचा तीनशे एमबीपीएसचा आकडा त्यानेच मोजला होता. वायरलेस इंटरनेटच्या कंपनीत तो वेग तपासायचं काम करायचा. मोजला तेव्हा ही इमारत नुकती उभी राहिलेली, तो गच्चीवर, समोर टॉवर, आणि चाळीस घरांत चिटपाखरू नाही. कंपनीने आकडा फलकावर घेतला, इमारत रिकामी होती हे गाळलं.

पुढे तिसऱ्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहायला आली. फलकाबद्दल तिने त्याला काही विचारलं नाही. "माझ्या भावाने मोजलंय," एवढं शेजारणींना सांगितलं. त्या भरवशावर आणखी सहा घरांनी जोडणी घेतली. तो मूग गिळून बसला.

ताई खुणांच्या भाषेची दुभाषी. ऐकू न येणारे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये व्हिडिओ कॉलवर बसून हातांनी बोलायचं, अशा नोकरीची तिची परीक्षा घरूनच, संध्याकाळी सातला होती. सातला सगळी इमारत घरी असते, त्याच एका टॉवरवर. चित्र अडकलं, तिचा हात पडद्यावर हवेतच थिजला. परीक्षकांनी शेरा दिला : वाक्य अर्धवट सोडते. दोष जोडणीचा असल्याचं कंपनीने लेखी दिलं, तरच फेरपरीक्षा.

तिची तक्रार त्याच्याकडेच आली.

"या साहेब," दार उघडत ताई म्हणाली. "चहा मोजणीच्या आधी की नंतर?"

अकराला खिडकीशी दोनशे बारा भरले. चारला साठ.

"आता सातपर्यंत बस," ती म्हणाली.

तो बसला. सातला नऊ.

"लिही नऊ."

"अहवालात एकच चौकट असते, ताई. तीनदा मोजायचं आणि मोठा आकडा लिहायचा."

"आणि बाकीचे?"

"त्यांना जागा नसते."

"शाळेत असताना बाबांना प्रगतिपुस्तक असंच दाखवायचास. गणितावर अंगठा ठेवून."

तो हसला नाही. "नऊ लिहिले तर वरचे विचारतील, तीनशे कुणी मोजले होते."

"कुणी मोजले होते?"

त्याने दोनशे बारा लिहिले. खाली छापलेलंच होतं : जोडणीत दोष नाही. त्याच्या शेजारी ग्राहकाची सही हवी होती.

"नाही केली तर?"

"ग्राहकाने सहकार्य केलं नाही, असं लिहावं लागतं."

ताईने पेन घेतलं, सही केली, कागद त्याच्याकडे सरकवला. मग त्याच्याकडे बघत हातांनी काहीतरी म्हणाली, सावकाश, एकही खूण न गाळता. ती भाषा त्याला येत नव्हती. अर्थ विचारायची त्याची छाती झाली नाही.