कर्म नसलेलं क्रियापद

नित्यानं प्रवेशाचा फॉर्म अप्पांच्या कॉफीच्या डवऱ्याखाली, त्या पसरट वाटीखाली, सरकवला. पाँडिचेरी, बी.ए., फ्रेंच. पालकाच्या सहीची चौकट तेवढी रिकामी होती, आणि शेवटची तारीख आजचीच.

"पुन्हा हेंच?" अप्पा म्हणाले. "इथं तंजावुरात बी.कॉम. कर. मग बँकेची परीक्षा. तुज एकदा करैला लावलं की मी सुटलों."

घरात मराठी बोलतानाही नदीच्या काठाला सगळे तमिळ 'करै'च म्हणत. आणि मुलीला करैला लावणं म्हणजे नोकरी, लग्न, सगळं एकदम.

नित्याचे डोळे चमकले. काल शाळेत फ्रेंचच्या कमलाक्षी मिसनी नेमकं हेच काढलं होतं.

"अप्पा, फ्रेंचमध्ये पोचणं म्हणजे 'आरिव्हे'. कशातनं आलंय, ठाऊक आहे? लॅटिन 'रिपा'. रिपा म्हणजे करै! नाव करैला लागली की माणूस पोचला. तुमचाच शब्द."

"पाहिलंस? फ्रेंचांसही मी सांगतों तेंच पटलंय."

"आयतं हातात दिलंस गे," स्वयंपाकघरातून अम्मा म्हणाली. "आता महिनाभर हेच ऐक."

नित्यानं खुर्ची ओढली आणि अप्पांच्या अगदी समोर बसली.

"पण तुमच्या लावण्याला कर्म लागतं. बाप लावतो, मुलगी लागते. आरिव्हेला कर्मच नाही. कुणी कुणाला आरिव्हे करूच शकत नाही. मी मिसना तीनदा विचारलं. ज्याचं त्यानंच पोचायचं."

अप्पांनी निवलेली कॉफी संपवली.

"मग बापानं काय करायचं? करैवर उभं राहून बघायचं?"

हे तिनं मिसना विचारलं नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत क्रियापद चालवून पाहू लागली. वर्तमानकाळ झाला, भूतकाळ आला, आणि ती थांबली.

"फ्रेंचमध्ये 'मी पोचले' म्हणायला साहाय्यक लागतो," ती सावकाश म्हणाली. "'असणं' हे क्रियापद. ते जवळ नसलं तर वाक्यच पुरं होत नाही."

ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत अप्पांना साहाय्यक म्हणून बावीस वर्षं झाली होती. बढतीची यादी दरसाल यायची. ते वाचायचे आणि घडी घालून ठेवायचे.

त्यांनी फॉर्म ओढून घेतला, कॉफीचा ओला गोल रुमालानं टिपला आणि पेनचं टोपण काढलं.

"साहाय्यकाची सही चालते ना गे?"