कळवतो म्हणाले पाहुणे

"कळवतो बरं का, ताई."

चपलेत पाय सरकवता सरकवता यशदीपचे काका म्हणाले होते. आवाज कसा, तर गुळाच्या पाकासारखा. त्याला वर्षं लोटली, तरी भनपुरीच्या रस्त्यावरून ट्रक गेला आणि फाटक थरथरलं की अंजनाबाईंना तो आवाज ऐकू येई. लेकीला, चेतनाला बघायला आले होते ते लोक. पोहे मागून घेतले, चेतनाच्या शिक्षणाचं कौतुक केलं, मुलगा, यशदीप, तर जाताना वळून वळून बघत होता. आणि मग काहीच नाही.

मुलीच्या घरी बसून नाही म्हणायचं नसतं, ही इकडची रीत. कळवतो म्हणायचं आणि गप्प राहायचं. मुलीकडच्यांनीही पुन्हा विचारायचं नसतं, त्यात कमीपणा. मग मागे उरतो तो नुसता अंदाज. शिळ्या भातासारखा. रोज फोडणी द्यायची आणि रोज खायचा.

अंजनाबाईंनी दिली फोडणी. आधी म्हणत, पोरगी सावळी वाटली असेल. मग म्हणू लागल्या, आपलं घर लहान दिसलं असावं. मग एके दिवशी भांडी घासता घासता त्यांच्या मनात आलं, हे स्थळ आणलं कोणी? शेवंताबाईंनी, नवऱ्याच्या, शामरावांच्या, एकुलत्या बहिणीनं. म्हणजे शेवंताबाईच तिकडे काही बोलल्या असतील. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं 'बोलल्या असणार' झालं, आणि हिवाळ्यात 'असणार'ही गळून पडलं. शेवंताबाई बोलल्या. विषय संपला. बीरगाव इथून हाकेच्या अंतरावर, पण नणंदेच्या दारात अंजनाबाईंनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. शामराव रेल्वेतून निवृत्त झाले, त्या जेवणालाही बहिणीला बोलावणं गेलं नाही.

आज त्या शेवंताबाई येणार होत्या, मुलाच्या, गौतमच्या लग्नाची पत्रिका घेऊन. शामरावांनी सकाळीच दाढी केली होती, आणि ती गुळगुळीत हनुवटी बघूनच अंजनाबाईंचं डोकं उठलं होतं.

त्यात पडद्यामागे चेतनाचा क्लास. परदेशी जाऊ बघणाऱ्या इकडच्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना ती लॅपटॉपवरून इंग्रजी शिकवी. आज तिनं एक चित्र दाखवलं होतं. टेबलावर अर्धा कप चहा, पंखा सुरू, खुर्ची रिकामी. माणसाचं काय झालं असेल, ते इंग्रजीत सांगायचं.

"ही मस्ट हॅव डाइड, मॅम," अभनपूरचा पराग म्हणाला.

"मर ही गया? आधी चाय छोड़के?" चेतना म्हणाली. "सबूत क्या है? मस्ट हॅव तब बोलो जब दूसरा कोई रास्ता ही न बचे. नहीं तो माइट हॅव. फोन आया होगा, दूध लाने गया होगा. पता नहीं है, तो पता नहीं वाला शब्द लगाओ."

"पर मस्ट ज़्यादा दमदार लगता है, मॅम."

"दम तो है, पराग. सबूत नहीं है."

अंजनाबाईंनी तांदळाचं सूप जमिनीवर आपटलं. "काय कटकट हाय रोजची. मस्ट हॅव, माइट हॅव. गेला त गेला म्हणा ना. माहीत नाही म्हणाची एवढी लाज, की त्याच्यासाठी बी वेगवेगळे शब्द ठेवले साहेबाईनं."

"आपल्यात बी हायेत," शामराव पेपरामागून म्हणाले. "असन, असावं, असणार."

"तुमी नका शिकवू मले. तुमच्या बहिणीपायी सगळं शिकून बसली मी."

शामराव पेपरात परत गेले. अंजनाबाई तांदूळ पाखडू लागल्या. पाखडता पाखडता आईकडची जुनी चाल ओठांवर आली, शब्द मात्र त्यांचेच जुळत गेले:

दार बोलेना माझं, उंबऱ्याच्या लाकडाशी
चप्पल बोलेना बाई, वाटेवरच्या धुळीशी

फाटक वाजलं. शेवंताबाई आत आल्या. केस पार पांढरे झालेले, एका हातात पिशवी, दुसऱ्यात ठेठरीचा, बेसनाच्या तळलेल्या कड्यांचा, डबा.

"जय भीम, वहिनी. ठेठरी आणली. दादाले आवडते."

"जय भीम. बसा."

"लय वाळली गं तू," शामराव म्हणाले.

"अन तू कोणता पहेलवान दिसून राहिला, दादा."

शामराव हसले, बायकोकडे बघितलं आणि हसू पेपरात घेऊन गेले. अंजनाबाईंनी चहा आणून ठेवला. स्वतः बसल्या नाहीत.

शेवंताबाईंनी पदर सारखा केला आणि दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली. "वहिनी, पोट्ट्याचं लग्न हाय. मामी म्हणून तुमीच हायेत त्याले. तुमी उभ्या नाही राहिल्या, त मंडप भरला तरी मले खालीच दिसन."

अंजनाबाईंनी पत्रिका घेतली. उघडली नाही. फ्रिजवर ठेवली, वर स्टीलचा डबा ठेवला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"कळवतो आमी."

बाहेरून ट्रक गेला, फाटक थरथरलं. आयुष्यभर लोकांची स्थळं जुळवत फिरलेल्या शेवंताबाई. त्या शब्दाचा अर्थ त्यांना सांगायची गरज नव्हती. चहा तसाच अर्धा खाली ठेवून त्या उठल्या. "बरं, वहिनी." दाराशी त्यांचे पाय चपला चाचपू लागले. शामरावांनी पेपराची घडी घातली, तिची आणखी घडी घातली, मग आणखी एक.

इतकी वर्षं साठवलेला शब्द अंजनाबाईंनी आज परत केला होता. पण तोंडाला चव आली नाही. उलट आपला आवाज कानावर आला, आणि तो हुबेहूब त्या काकांचा होता. त्यानं त्या जास्तच चिडल्या.

"पाँच मिनट," पडद्यामागून चेतना म्हणाली. लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. पडदा सारून ती बाहेर आली आणि आत्याच्या आडवी दारात उभी राहिली.

"राहू दे, पोरी," शेवंताबाई हळू म्हणाल्या. "क्लास घे तू तुहा."

"नाही आत्या, तू बस." ती आईकडे वळली. "आई, आत्या तिकडे काही बोलली, हे तुले सांगितलं कोणी?"

"सांगाले काहून लागते? बोललीच असन."

"म्हणजे माहीत नाही."

"मंग कोण बोललं? त्या लोकाईनं काहून नाही कळवलं? तू सांग. एवढी शिकलेली हायेस न, मंग सांग."

त्या घरात हा प्रश्न भांड्यांना विचारून झाला होता, भिंतींना, शामरावांच्या पेपरालाही. चेतनाला आजवर कोणी विचारला नव्हता. तिनं आधी बाबांकडे बघितलं. मग आत्याच्या हातातली पिशवी काढून स्वतःकडे घेतली.

"त्याईनं कळवलं होतं, आई. आत्याजवळ. हो म्हणूनच कळवलं होतं. नाही मी म्हटलं. मले तो पोट्टा नव्हता आवडला, बस, दुसरं काही नाही. बाबा तेव्हा इतके खूश होते, माझी हिम्मतच नाही झाली. म्हटलं, आत्या, तूच सांग त्याईले, अन घरी माझं नाव नको घेऊ. तिनं नाही घेतलं. आतापर्यंत नाही घेतलं."